हौदातले हायड्रा

ज्या दिवशी हौद धुतला, त्या दिवशी काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. सूनबाई ठाण्याहून आली होती. तिने माणसं बोलावली. त्यांनी हौदातलं पाणी उपसलं, भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडर टाकली, चुना दिला. काका परत आले. हौदापाशी थांबले, वाकून बघितलं. "बरं," म्हणाले आणि घरात गेले.

त्या दिवसापासून घरातली घंटा वाजायची थांबली. ही घंटा कसली आणि हौदात होतं काय, ते सांगितल्याशिवाय काका कोणाला कळायचे नाहीत. आणि सांगायला बसले की मला त्यांचा राग येतो. ते गेल्या पौषात गेले. गेलेल्या माणसाचा राग यावा हे बरं नाही, पण येतो.

काका आमचे घरमालक. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचा बंगला होता. खाली ते आणि काकू, वर भाड्याने आम्ही दोघं. मी कॉलेजात ग्रंथपाल, नवरा सातपूरला कारखान्यात. नव्वदनंतरची पहिली वर्षं होती ती. गल्लीच्या टोकाला तेव्हा अजून द्राक्षाचा मळा होता. घर बघायला गेलो तेव्हा घरमालक विचारतात त्यातलं काहीच काकांनी विचारलं नाही. नोकरी नाही, आडनाव नाही, घरात मटण शिजवता का तेही नाही. म्हणाले, "वर जा आणि चाला."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"या खोलीतून त्या खोलीत. रोज चालता तसं. मी इथे बसतो."

आम्ही चाललो. खाली आलो तर काका डोळे मिटून खुर्चीत बसलेले. नवऱ्याला म्हणाले, "तुमची टाच आधी टेकते." मग माझ्याकडे वळून, "यांचं चालेल."

मला वाटलं, म्हाताऱ्यांची झोप सावध असेल. रस्त्यात नवरा म्हणाला, "मालक चक्रम आहे. पण विहिरीचं पाणी आहे, गच्ची आहे. घेऊन टाकू." घेतलं. पुढे दर उन्हाळ्यात आम्ही घर बदलायचं ठरवत असू आणि दर पावसाळ्यात तिथेच असू.

घंटा देवघरातली होती. काका ती व्हरांड्यात येऊन एकदा वाजवत. मग घरात जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं. जिन्यात असाल तर जिन्यात. पंप बंद, मिक्सर बंद, पोळपाटावरचं लाटणंही बंद. दोनदा वाजली की मोकळे. मधे किती वेळ जाईल ते काकांच्याही हातात नसायचं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी माझं दूध उतू जाताना बघितलं आहे. नवऱ्याची कंपनीची बस एका पायात बूट असताना चुकली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण हातात घेऊन फाटकाशी ताटकळल्या आहेत. त्यातली एक गल्लीत नवीन होती. ती पुढच्या महिन्यापर्यंत समजत होती की या घरात मौनाची पूजा असते.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी मावशी तेवढी बोलायची. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, आणि आवाज खिडकीच्या दिशेने.

"बाबा, मेथी सुकू राहिली ना."

आतून, "श्श."

"देवाची घंटा वाजवता न् माणसाला उभं करता. देव तरी चालू देतो."

आतून पुन्हा, "श्श." मग दोन टोले. मग मावशी काकूंना म्हणायची, "आज जुडी महाग हाय. उभं राहायचं लावलंय त्यात."

हे सगळं हायड्रासाठी. हायड्रा हा गोड्या पाण्यातला प्राणी. नखाच्या पांढऱ्या कडेएवढा लांब, त्याहून बारीक. मागच्या अंगणातल्या हौदात शेवाळ होतं, पाण्यावर हिरव्या टिकल्या तरंगायच्या, त्या टिकल्यांच्या खालच्या बाजूला हे चिकटलेले. काका एखादा काचेच्या वाटीत घेत आणि मायक्रोस्कोपखाली ठेवत. मग दिसायची एक नळी, आणि नळीच्या तोंडाभोवती पाच-सहा लांब सोंडा, पाण्यात सोडलेल्या. जरा हादरा बसला की तो सगळा आकसून ठिपका होतो आणि पुन्हा लांब व्हायला बराच वेळ घेतो. वर नवऱ्याने टाच टेकवली की खाली ठिपका. मायक्रोस्कोपवर काकांनी कॅमेरा बसवला होता. मायक्रोस्कोप शहाबादी फरशीवर आणि फरशी स्कूटरच्या ट्यूबवर, म्हणजे जमिनीचे धक्के वर पोचू नयेत. ट्यूब आमच्या स्टेपनीतली होती. ते आम्हाला त्र्यंबकच्या रस्त्यात चाक पंक्चर झालं तेव्हा कळलं.

"विचारायचं तरी, काका," नवरा म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही दिली असती का?"

"नसती."

"मग?"

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. धरणं, कालवे, चाऱ्या, त्यांची सगळी नोकरी पाण्याच्या काठाने गेली. "जन्मभर पाणी मोजलं, बाई," ते मला म्हणत. मला ते बाईच म्हणत. "किती आलं, किती सोडलं. आत कोण आहे ते एकदाही विचारलं नाही." हे वाक्य त्यांनी मला, नवऱ्याला, मीटर बघायला येणाऱ्याला आणि गॅसवाल्याला ऐकवलं होतं. गॅसवाला म्हणाला, "सिलेंडर कुठे ठेवू?"

काकूंशी त्यांची जुंपायची ती तांब्यावरून. काकूंना तुळशीला पाणी घालायला हौद जवळचा. त्या तांब्याचा तांब्या बुडवत. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरी हायड्रा मरतात म्हणे. काकांनी प्लास्टिकचा मग आणून दिला. काकू म्हणाल्या, "तुळशीला मगाने पाणी? ते कशासाठी असतं माहीत आहे ना?" शेवटी स्टीलच्या गडूवर तडजोड झाली. पण हौदावर कोणी गेलं की काका आतून ओरडत, "धातू कुठला?" पाहुणे दचकत.

माझ्याशी भांडण वेगळं होतं. पहिल्यांदा त्यांनी मला मायक्रोस्कोपच्या नळीतून बघायला लावलं तेव्हा मी म्हटलं, "उलटं धरलेलं झाड वाटतंय."

"झाड बाहेर अंगणात आहे," काका म्हणाले. "झाड बघायचं तर तिकडे जा. इथे हायड्रा आहे."

"म्हणजे तसं दिसतंय, असं म्हणायचंय मला."

"कशासारखं दिसतं ते विचारलंच नाही मी. काय दिसतं ते सांगा."

पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लागतं. नंतर मी बघायला जायचंच टाळू लागले. घंटा वाजली की थांबायचं, भाडं द्यायचं, बाकी संबंध नाही असं मनाशी ठरवलं. काकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी गणपतीत प्रसादाबरोबर मला जॅमच्या बाटलीत हायड्रा भेट दिले. गल्लीत सगळ्यांनाच दिले होते. "खिडकीत ठेवा, ऊन नको," असं प्रत्येकाला सांगितलं.

काकांना एकच फोटो हवा होता. हायड्राच्या अंगाला कोंब फुटतो, कोंबाला सोंडा येतात, तो वाढतो आणि एक दिवस सुटून वेगळा होतो. सुटण्याचा तो क्षण. कोंबाचे फोटो त्यांच्याकडे ढीगभर होते, सुटलेल्या पिल्लांचेही होते. मधला नव्हता. दर हिवाळ्यात ते त्याच्या मागे असत, आणि दर हिवाळ्यात काहीतरी व्हायचं. लाइट जायचे, कोणी जिना उतरायचं, काका जेवायला उठत आणि तेवढ्यात ते उरकायचं. फोटो पुन्हा पुन्हा घ्यावेत तर तेही नाही. कॅमेऱ्याच्या खटक्यानेच प्राणी आकसायचा. म्हणजे संधी एकच.

मग डोळे बिघडले. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, चालता-फिरता येईल, आंधळे होणार नाही, पण वाचन आणि बारीक काम जाईल. काका घरी येऊन म्हणाले, "अजब तऱ्हा आहे. बाजूचा पसारा सगळा दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही." त्या हिवाळ्यात घंटा इतकी वाजली की नवऱ्याने खरोखरच दुसरं घर बघून ठेवलं. मी त्याला म्हटलं, "एवढा हिवाळा जाऊ दे." पुढच्या वर्षी कितपत दिसेल ते सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते.

त्याच हिवाळ्यात काकांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. मुलगा-सून भीमरथी शांत करणार होते. गुरुजींनी सांगितलं होतं की अभिषेकाला घरचंच पाणी चांगलं, फक्त स्वच्छ असावं. सूनबाई मनाची चांगली. दोन दिवस आधी आली, अंगण बघितलं, हौदातलं शेवाळ बघितलं आणि तिला वाटलं, सासूबाईंना आता होत नाही. तिने काका घरी नसताना सगळं करून घेतलं. काकू देवळात होत्या. मी वरून आवाज ऐकला तोवर हौद कोरडा होता. खाली धावले तर सूनबाई काकांच्या खोलीत होती. मायक्रोस्कोपजवळ मांडलेल्या काचेच्या वाट्या तिने धुऊन पुसून रांगेत लावल्या होत्या.

"किती घाण झाल्या होत्या हो," ती म्हणाली. "आईंच्या रुखवतातल्या आहेत ना? श्रीखंडाला बऱ्या पडतील."

त्यातल्या एका वाटीत कोंब आलेला हायड्रा होता. दोन दिवसांत सुटेल असं काका म्हणत होते.

ज्या माणसाने टाचेवरून भाडेकरू पारखले, जो तांब्याच्या तांब्यावरून ओरडायचा, तो आता सगळं घर डोक्यावर घेणार म्हणून मी व्हरांड्यात उभी राहिले. त्यांनी हौद बघितला, वाट्या बघितल्या. सूनबाईने विचारलं, "बाबा, आवडलं?"

"छान झालाय," काका म्हणाले.

शांतीच्या दिवशी त्यांना पाटावर बसवलं. पुन्हा भरलेल्या हौदातलं पाणी कलशांतून त्यांच्या डोक्यावर घातलं, पुन्हा घातलं. ब्लीचिंगचा वास आम्हाला ओट्यापर्यंत येत होता. काकांनी डोळे मिटून घेतले होते. नंतर पंगतीत श्रीखंड त्या वाट्यांतूनच वाढलं. काकांनी मागून घेऊन खाल्लं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "तिला सांगायला हवं होतं तुम्ही."

"काय सांगणार?"

"काय केलं ते."

"हळू चाल म्हटलं असतं तर ती हळू चालली असती," काका म्हणाले. "हौदात कोण आहे ते मी तिला कधी सांगितलं? गॅसवाल्याला सांगितलं, हिला नाही." मग म्हणाले, "तुम्हीही सांगायचं नाही. आणि तुमच्याकडची बाटली द्या जरा."

माझी बाटली तोवर आमच्या ओट्यावर मोहरी ठेवायला होती. गल्लीत कोणाकडेच काही उरलं नव्हतं. कोणी कुंडीत ओतलं होतं, कोणी मोरीत. एकांनी डास होतील म्हणून रॉकेल टाकलं होतं. काका एकेका घरी जाऊन आले. चिडले नाहीत, हे मला जास्त चमत्कारिक वाटलं. पुढे ते खोलीत नुसते बसून असत. दूध उतू जाईना, बस चुकेना. पंधरवड्याने नवरा जेवताना म्हणाला, "हे घर ओस पडलंय का काय? काही आवाजच नाही."

"तुला आवाज नको होता ना?"

"घंटेचा नको होता. हे काय वेगळंच आहे." आणि रविवारी त्याने खाली जाऊन काकांना विचारलं, "तुमचे ते प्राणी आणखी कुठे मिळतात?"

ते दोघं बऱ्याच रविवारी स्कूटरवरून गेले. धरणाच्या मागचं पाणी झालं, कालव्याची डबकी झाली, पांडवलेण्यांतली टाकी झाली. स्टेपनीत आता ट्यूब होती. ती घेऊनच निघतो असं नवरा म्हणायचा. शेवटी घोटीच्या पुढे, भाताच्या खाचरांजवळच्या एका तळ्यात ते दोघं पँट वर करून उभे राहिले. काठावर धुणं धूत असलेल्या बाईशी काय बोलणं झालं, ते नवऱ्याने घरी आल्यावर तिच्याच आवाजात करून दाखवलं.

"काय शोधू राहिले बाबा? मासे नाय यात."

"मासे नकोत," काका म्हणाले.

"मंग?"

"बारीक असतात. सहजासहजी दिसत नाहीत."

"आन् तुमचे डोळे?"

"तेही गेलेत आता."

बाईने धुणं खाली ठेवलं म्हणे. नवऱ्याला म्हणाली, "दिसत नाय ते आंधळ्याला शोधाया लावलंय, अन् तू कोण, त्याचा पोरगा?"

"भाडेकरू," नवरा म्हणाला.

"लय भाडं घेत असल मंग हा," ती म्हणाली.

तिथल्या पाणवनस्पतीच्या पानांखाली हायड्रा मिळाले. काकांना ते दिसत नव्हते. नवऱ्याने बाटली उन्हात धरून सांगितलं की दोन आहेत, कदाचित तीन.

शांतीनंतर हौद रिकामाच ठेवला होता. काकांनी बादलीत विहिरीचं पाणी भरून ते वाढवले. पुढच्या हिवाळ्यात कोंब धरला. आता अडचण एकच होती. काकांना मायक्रोस्कोपमधून गोल उजेड दिसायचा, त्याची कड दिसायची, आणि मधे काही नाही. त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "माझा कुकर कोण बघेल?" मग ते वर आले. जिना चढून ते आमच्याकडे आल्याचं त्याआधी मला आठवत नाही.

"तुम्हाला एका जागी बसायची सवय आहे," म्हणाले. "तुम्ही बघा. मी बटण दाबतो."

मी रजा टाकली. दुपार होती. कॅमेरा वरच्या नळीवर, मी बाजूच्या नळीला डोळा लावून, काका माझ्या शेजारी स्टुलावर, हातात कॅमेऱ्याच्या लांब वायरचं बटण. घंटा त्यांनी वाजवली आणि येऊन बसले.

"काय दिसतंय?"

"मोठा आहे. त्याच्या अंगाला छोटा आहे. छोट्याला चार सोंडा."

"पाया कसा आहे? जोडलाय तिथे?"

"बारीक झालाय. म्हणजे एखाद्या..."

"एखाद्या नको."

"बारीक झालाय," मी म्हटलं. "छोट्याने सोंडा काचेला लावल्यात. तो ओढतोय."

"कुठल्या बाजूला?"

"मोठ्यापासून लांब."

"ओढू दे."

बराच वेळ झाला. माझी मान आखडली. काकांचा राग यायला लागला, मोहरीच्या बाटलीचा, उतू गेलेल्या दुधाचा, सगळा मिळून. काकू चहा घेऊन दारापर्यंत आल्या आणि कप हातात घेऊन तिथेच थांबल्या. वर नवऱ्याचं पाऊल नव्हतं. बाहेर मावशीचा आवाज आला आणि बंद झाला.

"सुटतोय," मी म्हटलं.

"सुटतोय की सुटला?"

"सुटतोय."

"मग गप्प बसा."

छोट्याचा पाया ताणला गेला, आणखी ताणला गेला. मग दोघांमधली जागा उघडली.

"आता."

खटका झाला. दोघं आकसले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"दोन ठिपके झाले."

"होणारच," काका म्हणाले. उठून गेले आणि घंटा दोनदा वाजवली. काकूंनी चहा टेबलावर ठेवला. "निवलाय," म्हणाल्या.

एवढं झाल्यावर कोणीही रोल त्याच दिवशी धुवायला टाकला असता. काकांनी नाही टाकला. रोलमध्ये अजून जागा आहे म्हणाले. नवरा रोज विचारायचा. काकांनी उरलेल्या जागेत बादलीचे फोटो काढले, काकूंचे काढले, हौदाचा काढला, मावशीचा पाटीसकट काढला. होळी झाली, पाडवा झाला. नवरा शेवटी म्हणाला, "काका, माझा काढा, दोन काढा, पण तो रोल संपवा." त्याचा एक काढला, त्यात त्याचं डोकं नाही.

स्टुडिओतून पाकीट आलं तेव्हा काकांनी ते न उघडताच माझ्या हातात दिलं. मी शोधून तो फोटो काढला.

"आहे?"

"आहे."

"हललाय?"

"छोट्याच्या सोंडा थोड्या हलल्यात. बाकी स्पष्ट आहे."

"सुटलाय का? नीट बघा. मधे पाणी दिसतं का?"

मी खिडकीशी गेले, फोटो डोळ्यांजवळ धरला. "दिसतं."

"किती?"

"कमी. पण आहे."

"झालं तर मग," काका म्हणाले. त्यांनी फोटो हातात घेतला, मान तिरकी करून कडेने बघायचा प्रयत्न केला आणि फोटो मला परत दिला. पुढे मे महिन्यात सूनबाई आली तेव्हा तिला तो माझ्याकडून दाखवला. ती म्हणाली, "किती सुंदर. कुठला हा?"

"घोटीचा," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी हायड्राचे फोटो काढले नाहीत. बादली घोटीच्या तळ्यावर नेऊन परत ओतून या, असं नवऱ्याला सांगितलं. तोही मुकाट्याने गेला. आम्ही अजून तिथेच राहतो. काका आणखी काही वर्षं जगले. रेडिओ मोठा लावत, लाइटबिलावरून वाद घालत, आणि कोणी उपमा देऊन काही सांगायला लागलं की तोडत.

काकू आता ठाण्याला मुलाकडे असतात. मायक्रोस्कोप घोटीच्या एका शाळेत दिला. कॅमेरा बिघडला आहे. फोटो माझ्याकडे आहे. त्यात दोन हायड्रा आहेत, एक मोठा, एक लहान. मधे पाणी आहे.